अक्षरीचं नवं व्हर्जन

बिबवेवाडी, पुणे
१२ जून २०११

दादा, जय भीम.

सापडलास.

दोन वर्षं मोबाइल बंद, कंपनी सोडलेली, बंगळूरचा पत्ता कोणालाच माहीत नाही. आणि सापडलास कुठे, तर माझ्या ऑफिसात, माझ्याच बिल्डमध्ये! मी खुर्चीतून उठून खाली टपरीवर गेले, चहा सांगितला आणि न पिताच परत आले.

मी आता घराजवळच एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्जं, पावत्या वगैरे. बिल्डचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आमच्या पोरांचा कोड आणि जगभरातल्या अनोळखी लोकांनी फुकट लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या रोज सकाळी एकत्र जोडायच्या, आणि काय कशाशी जुळत नाही म्हणून दिवसभर डोकं धरून बसायचं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पीठ गिरणीतून, मसाला समोरच्या कौशल्याकडून, दही शेजारून. आपण नुसती फोडणी द्यायची." तेच, दादा. तेवढ्यासाठी मला इंजिनिअर केलं.

तर पावतीवर रक्कम अक्षरांत हवी होती. अक्षरी रुपये तीन हजार सातशे एकोणऐंशी, अशी. मराठीत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, नियम कुठलाच नाही. आमची पोरं रडकुंडीला आली. मग एकाने नेटवर शोधलं आणि म्हणाला, "मॅडम, आहे की तयार!" लायब्ररीचं नाव अक्षरी. लेखक संजय तात्याराव ओव्हाळ.

बापाचं नाव लावलंस. ज्या बापाशी भांडून घरातून गेलास, त्याचं नाव जगासमोर लावून ठेवलंस. मला हसावं की रडावं कळेना.

घरी सांगितलं. आई आधी रडली, मग म्हणाली, "बरा आहे ना तो?" मी म्हटलं, मागच्या आठवड्यात नवं व्हर्जन काढलंय, म्हणजे बराच असणार. तात्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. फक्त विचारलं, "पैसे मिळतात का त्याचे?" मी नाही म्हटलं. "मग तेच चाललंय अजून," एवढं बोलून पान उलटलं.

बाकी सगळ्या लायब्रऱ्यांचा व्हर्जनचा आकडा मी बांधून टाकते. अमुक एकच घ्यायचं, पुढचं आलं तरी हात लावायचा नाही. कोण कुठे बसून काय बदलेल याचा भरवसा नसतो. तुझ्या नावापुढे मात्र मी आकडा घातला नाही. जे सगळ्यात नवं असेल ते घे, असं लिहून ठेवलंय. सख्ख्या भावाला कसला आलाय नियम. तू काही काढलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपोआप आमच्याकडे येईल आणि मला कळेल.

हे तुझ्या लायब्ररीवर दिलेल्या ई-मेलवर पाठवतेय. उत्तर दे. नाही दिलंस तरी लिहीत राहीन. मी किती चिवट आहे ते तुला माहीत आहे.

सोनी


बिबवेवाडी
२७ नोव्हेंबर २०११

दादा, जय भीम.

उत्तर नाही. बरं.

पण व्हर्जनं येतायत. तू आता पूर्ण रुपयांबरोबर पैसेही अक्षरांत लिहितोस, ते आलं. कोट्यवधीच्या रकमा आल्या. कोणत्या पतसंस्थेला लागणार आहेत देव जाणे! (देव म्हटलं म्हणून तात्या रागावतील, त्यांना सांगू नकोस.) आईला मी रोज ऑफिसातून फोन करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे मी विचारायचं आणि तिने उत्तर न देता विचारायचं, "आलं का गं त्याचं?" आलं म्हटलं की दिवसभर घरात भांडी कमी आपटतात. तिच्या लेखी व्हर्जन येणं म्हणजे तू दारात येऊन, चपला न काढता, उभ्या उभ्या बोलून जाणं.

आता कामाचं. काल मी नमुन्याची पावती घरी नेली होती. तात्यांनी चष्मा लावून ती हातात घेतली. उभी हयात ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेली, ती खोड जाते का? त्यांनी पावती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मागे 'फक्त' नाही."

मी म्हटलं, काय?

"रक्कम लिहिली की शेवटी 'फक्त' लिहायचं असतं. नाहीतर मोकळ्या जागेत उद्या कोणीही काहीही जोडेल. लहानपणी शिकवलं होतं त्याला. विसरला." मग पावती माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सांग त्याला."

दादा, त्यांनी "सांग त्याला" म्हटलं. तू गेल्यापासून या घरात तुझ्यासाठी त्यांनी दिलेला हा पहिला निरोप. म्हणून लिहितेय. मागे फक्त नाही. तात्यांनी सांगितलंय.

सोनी


बिबवेवाडी
९ डिसेंबर २०११

दादा!

आलं! सकाळी बिल्ड झाला, चाचणीची पावती छापली, आणि शेवटी सरळ, स्वच्छ "फक्त". मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पोराने विचारलं, मॅडम, पगारवाढ झाली का?

म्हणजे तू वाचतोस. सगळं वाचतोस आणि गप्प बसतोस. तात्यांचाच मुलगा तू.

पावती घरी नेली. तात्यांनी वाचली, "ठीक आहे," म्हणाले आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली, "जाऊ दे, त्यांना तिथेच बरं वाटतं."

तुमचं भांडण मला अजून दोन्हीकडून पटतं. तू कंपनीची नोकरी सोडतो म्हणालास, अर्धवेळ काहीतरी करीन आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना वापरता येईल असं फुकट लिहीन म्हणालास. तात्यांचा चेहरा मी पाहत होते. आजोबा गावातून निघाले ते कशासाठी? हाक आली की पळायचं, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात शिळे तुकडे. ते सोडलं, दीक्षा घेतली, पुण्यात येऊन हमाली केली, पण हमालीचे पैसे मोजून घेतले. तात्या म्हणाले, "माझ्या बापाने फुकट राबणं बंद केलं. आणि तू शिकूनसवरून पुन्हा फुकट राबायला निघालास? तेही कंपन्यांसाठी?" तू म्हणालास, "तात्या, आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. मी माझ्या मर्जीने देतोय. द्यायला माझ्याकडे काहीतरी आहे, हे तुम्हाला दिसत नाही का?" त्यावर ते म्हणाले, मग या घरात राहू नकोस. आणि तू खरोखरच गेलास. इतकं शब्दाला कोणी धरतं का रे?

एक "फक्त" पाठवलंस, तसा आता स्वतः ये.

सोनी


बिबवेवाडी
१८ फेब्रुवारी २०१३

दादा, जय भीम.

तू मधल्या काळात गुजराती केलंस, कोकणी केलंस, कानडीसुद्धा केलंस. मी प्रत्येक वेळी लिहिलं, तू कधीच उत्तर दिलं नाहीस, पण व्हर्जन आलं. ही आपली पद्धतच पडली. दिवाळीपासून मात्र फार कमी येतायत. बरा आहेस ना? की कोणी भेटली आणि वहिनी आणतोयस? तसं असेल तर आधी मला सांग. आईला मी पाहून घेते.

आज वेगळ्या कामासाठी लिहितेय. आईच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलंय. पुढच्या महिन्यात, अकरा मार्चला. तीन नळ्या बंद आहेत. ती स्वतः मजेत आहे, दवाखान्यात नेसायला कुठली साडी न्यायची यावर चर्चा चालू आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरचे काही महिने मनाला धक्का बसेल असं काही तिच्या कानावर जाऊ देऊ नका. मी म्हटलं, आमच्या घरी धक्के देण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

दादा, तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी हट्ट करत नाही. पण त्या दिवसांत काहीतरी काढ. मोठं काम करायची गरज नाही. नुसता व्हर्जनचा आकडा बदललास तरी चालेल. आईला तेवढं पुरतं. ती मला ऑपरेशनला आत नेतानासुद्धा विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही.

सोनी


बिबवेवाडी
४ ऑगस्ट २०१३

दादा, जय भीम.

आई आता जिना उतरून शेजारी जाऊन गप्पा मारून येते. मी वर चढताना धापा टाकते, ती नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी व्हर्जन आलं ते तुला कसं सांगू. स्ट्रेचरवर असताना तिने विचारलं, मी म्हटलं, "आलंय आई, आत्ताच आलंय." तिने डोळे मिटले आणि आत गेली. तात्यांनीही ते ऐकलं. बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "वेळेवर आला."

त्यानंतरही तू नेमाने पाठवतो आहेस. पण आता मला एक सांग. मी तुझं प्रत्येक व्हर्जन उघडून पाहते, धंदाच आहे तो. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं की काय बदललं ते लगेच दिसतं. मार्चपासून काही बदललेलंच नाही. एकदा एक रिकामी ओळ वाढली होती. एकदा ती गेली. मागच्या वेळी एक स्वल्पविराम. मी सांगितलं होतं नुसता आकडा बदल, कबूल, पण ते तेवढ्यापुरतं. आई बरी झाली, आता पुरे. खरं काहीतरी कर. उर्दू राहिलंय. अहिराणी कर, माझी मैत्रीण सत्यशीला धुळ्याची आहे, ती मदत करील.

आळशी झालास, दादा. वजनही वाढलं असेल.

सोनी


बिबवेवाडी
१६ जानेवारी २०१५

दादा,

आज जय भीम नाही, काही नाही. मी चिडलेय.

एक जानेवारीला तात्या मला म्हणाले, "त्याला लिही. मी चुकलो असं माझं म्हणणं नाही. पण घरी ये म्हणावं." हे वाक्य तोंडातून काढायला त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलंय. हात चहाच्या कपाभोवती घट्ट धरले होते. मी त्याच दिवशी तुला शब्दन् शब्द कळवलं.

त्यानंतर तात्या रोज संध्याकाळी दाढी करतात. संध्याकाळी! तू बंगळूरची गाडी पकडून रात्रीपर्यंत पोचशील म्हणून. आईने गादीची खोळ बदलून ठेवलीये.

आणि काल तुझं उत्तर आलं. नवं व्हर्जन. मी धावत उघडलं. आत एका वाक्याच्या शेवटी तू एक टिंब वाढवलं आहेस.

बापाने ये म्हटलं आणि तू टिंब पाठवलंस. मी घरी सांगितलं नाही. नुसतं "आलं" म्हटलं. तात्यांनी विचारलं, "काही म्हणतो का?" मी म्हटलं, अजून नाही.

तू असा नव्हतास. किंवा असशीलही, मला काय माहीत.

सोनाली


बिबवेवाडी
८ एप्रिल २०१६

दादा, जय भीम.

वर्षभर लिहिलं नाही, ते रागाने. आता ऑफिसने भाग पाडलं.

परदेशात कुणीतरी गेल्या महिन्यात रागाच्या भरात आपली इवलीशी लायब्ररी नेटवरून काढून घेतली आणि जगभर हजारो लोकांचे बिल्ड अडकले. ते वाचून आमच्या दीनानाथ सरांची झोप उडाली. आता हुकूम निघालाय. बाहेरून रोज काही ओढायचं नाही. प्रत्येक लायब्ररीचं एकच व्हर्जन ठरवायचं, ते तपासून आपल्या मशीनवर आणून ठेवायचं आणि दार बंद. शिवाय प्रत्येकीमागे माणूस कोण, तो विचारलं तर उत्तर देतो का, उद्या गडबड झाली तर सापडेल का, हे मी शोधून सांगायचं. पतसंस्थांमध्ये गरिबांचे पैसे आहेत, सरांचं काही चुकीचं नाही.

सगळ्या झाल्या, तुझी राहिली. सर म्हणाले, "या अक्षरीला आकडाच का नाही? इतकी वर्षं उघडी कशी ठेवली?" मी म्हटलं, राहून गेलं सर.

म्हणून आज तुझ्या लायब्ररीच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, कंपनीच्या नावाने प्रश्न टाकलाय. ही लायब्ररी सध्या कोण सांभाळतं? पतसंस्थेच्या पावत्या तिच्यावर चालतात, कृपया खरं उत्तर द्यावं. बहिणीला उत्तर दिलं नाहीस, कंपनीला तरी दे. आणि हे दार बंद झालं की तुझं आलेलं मला सकाळी आपोआप कळणार नाही, मुद्दाम जाऊन बघावं लागेल. मग आईला काय सांगू?

सोनी


बिबवेवाडी
२४ एप्रिल २०१६

दादा,

हे कागदावर लिहितेय. त्या ई-मेलवर लिहिलं तर ते तू वाचत नाहीस, दुसरा माणूस वाचतो, हे आता मला माहीत झालंय. कागद कुठे पाठवायचा तेही माहीत नाही. पण लिहायची सवय मोडत नाही.

माझ्या प्रश्नाला उत्तर आलं. "मी सांभाळतो. आपण भेटू शकाल का? मी वारज्यात राहतो." खाली नाव सलिल. वारजे, दादा! मला वाटलं तू तिकडे बंगळूरला बसून पाठवतोस, आणि ते येत होतं वारज्यातून, एक बस बदलून जाता येईल अशा ठिकाणाहून.

स्वारगेटला एका हॉटेलात भेटलो. सडपातळ, चष्मा, तुझ्याच वयाचे. नमस्कार करून म्हणाले, "मी आणि संजय बंगळूरला एका खोलीत राहायचो." त्या "राहायचो"नेच मला कळायला हवं होतं. मी मूर्खासारखं विचारलं, "मग आता तो कुठे असतो?"

त्यांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तो दोन हजार तेराच्या मार्चमध्ये गेला. रक्ताचा कॅन्सर. आदल्या दिवाळीला कळलं होतं."

हॉटेलात गर्दी होती. मिसळ सांगायला माणूस आला. मी त्याला म्हटलं, नको. इतकंच आठवतं. तीन वर्षं, दादा. तीन वर्षं मी तुला आळशी म्हणत होते.

सलिल सांगत होते. "तुमचं ऑपरेशनचं पत्र आलं तेव्हा तो ॲडमिट होता. मी वाचून दाखवलं. बरा झालो की घरी जाईन, असा आजारी गेलो तर आई धक्क्यानेच मरेल, असं त्याचं आधीपासून चाललं होतं. तुमच्या पत्रात आलं की धक्का नको, नुसता आकडा बदल. ते ऐकून हसला. म्हणाला, सोनीने सोपं करून दिलं. ऑपरेशनच्या दिवशीचं व्हर्जन त्यानेच काढलं, मी लॅपटॉप धरला होता. पुढच्याच आठवड्यात गेला. मला सांगून ठेवलं होतं, आई हिंडूफिरू लागेपर्यंत तू पाठवत राहा, मग घरी जाऊन सांग."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही? आई ऑगस्टमध्ये हिंडत होती. मी लिहिलं होतं!"

"वाचलं मी. हिंमत झाली नाही. नंतर पुण्यात आलो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा येऊन परत गेलो. घरी जाऊन एक स्वल्पविराम बदलला. ते सोपं होतं."

मी भांडले. मोठ्याने. लोक बघत होते, बघू देत. म्हटलं, तुम्ही कोण ठरवणारे, आमच्या घरात रडायचं कधी ते? माझे वडील रोज दाढी करून बसत होते. तुम्ही त्यांना टिंब पाठवलंत! ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या पत्रानंतर मला दोन आठवडे काही सुचलं नाही. काहीच पाठवलं नाही तर काकांना वाटेल त्याने नकार दिला. म्हणून ते टिंब. दुसरं काही लिहायचा मला अधिकार नव्हता."

मी विचारलं, आणि ते "फक्त"? ते कोणी केलं? "ते त्याने. त्या दिवशी कामाला गेला नाही. तासाभराचं काम, दिवसभर करत बसला. मध्येच उठून मला म्हणायचा, तात्यांनी सांगितलंय."

दादा, मी बिल्डचं काम करणारी बाई. चावी ज्याच्या हातात असेल तो व्हर्जन काढतो, वर नाव कोणाचंही असो, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. सगळ्या जगावर संशय घेतला. तुझ्यावर घेतला नाही. आकडा बदलला म्हणजे भाऊ जिवंत आहे, असं मी आईला रोज सांगत राहिले, आणि मलाही तसंच वाटत होतं.

उठताना सलिल म्हणाले, "तुम्ही घरी सांगा, नका सांगू, तुमच्यावर आहे. तुम्ही थांब म्हणेपर्यंत मी पाठवत राहीन. कंपनीला काय सांगायचं तेही तुम्हीच सांगा."

तुझा चष्मा आणि थोडे कपडे त्यांच्याकडे आहेत. मी आणले नाहीत. घरी कसे नेणार होते?

सोनी


बिबवेवाडी
६ मे २०१६

दादा,

सांगितलं.

आठवडाभर आईच्या फोनला मी "आलं" म्हणत होते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघांना समोर बसवलं. मला वाटलं होतं नीट सुरुवात करीन. तोंडातून थेट तेच निघालं, "दादा नाही. तीन वर्षं झाली."

आई ओरडली नाही. तिने एकच विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं त्याच्या?" मी सलिलचं सांगितलं, हात धरून बसले होते ते सांगितलं. हात धरल्याचं मला सलिलनी सांगितलेलं नाही, पण सांगितलं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी पाठीवर हात फिरवत राहिले. डॉक्टरांना फोन केला होता, गोळी तयार ठेवली होती. हृदयाला काही झालं नाही, ते चालू राहिलं. मला त्या हृदयाचा रागच आला, खरं सांगते.

तात्या खुर्चीत तसेच. डोळे कोरडे. मला त्यांचीच जास्त भीती वाटत होती. मी सगळं सांगितलं. "फक्त" तू केलंस, दिवसभर बसून केलंस, तात्यांनी सांगितलंय असं म्हणत केलंस, तेही सांगितलं. त्यावर त्यांचा ओठ हलला.

चष्मा सारखा करून विचारलं, "मग इतके दिवस कोण येत होतं?"

"सलिल."

"आपल्यातला?"

"नाही तात्या. सदाशिव पेठेतलं घर आहे त्यांचं."

"नोकरी करतो?"

"करतात. हे नोकरी करून."

"पैसे मिळतात याचे त्याला?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची बिलं तपासली, दादा, कुठे कोणाच्या कष्टाचं देणं राहिलंय आणि कोण फुकट खातंय हे त्यांना एका नजरेत दिसतं. "मग का करतो?" त्यांनी विचारलं. आई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "माझ्यासाठी. अजून कशासाठी?"

मग तात्या रडले. मी त्यांना आजोबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. "त्याच्याकडे द्यायला होतं, मला दिसलं नाही," एवढं एकच वाक्य दोन-तीनदा म्हणाले. तू ऐकायला हवं होतंस. ज्याने ऐकायचं तोच नव्हता, आणि मी ऐकून काय करू?

संध्याकाळी त्यांनी तोंड धुतलं, सदरा बदलला, बाबासाहेबांच्या फोटोपुढे थोडा वेळ उभे राहिले. तुझ्यासाठी त्रिशरण म्हणताना आवाज दोनदा अडकला, आईने पुढचं म्हटलं. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "त्या सलिलला लिही. रागावलो नाही म्हणावं. जेवायला ये म्हणावं. आणि आता थांब म्हणावं, पोरगा दमला असेल."

मी हो म्हटलं.

सोमवारी ऑफिसात गेले. दीनानाथ सरांनी अक्षरीचं काय झालं विचारलं. आज करते, म्हटलं. मंगळवारीही आज करते म्हटलं. बुधवारी सकाळी बिल्ड झाला आणि त्यात तुझं नवं व्हर्जन आलं होतं. या वेळी मी उघडून पाहिलं नाही. सवयीने फोन हातात घेतला, आईचा नंबर लावला, आणि तिने उचलल्यावर मला काही बोलता आलं नाही. तीही काही विचारत नव्हती. दोघी नुसत्या फोन धरून बसलो.

सलिलना जेवायला बोलावलंय. पुढच्या रविवारी येतायत. थांबा म्हणून मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सोनी